किरणांचा विटाळ

मावशी नाही म्हणाली आणि ठामपणे म्हणाली. "थुंकी देते, रक्त घ्या म्हणाल तर रक्त देते. पण फोटो काढायचा नाही." फोटो म्हणजे छातीचा एक्स-रे. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा. तीन आठवड्यांपासून खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम. अंबरनाथला एका भंगाराच्या दुकानात तो माल वेगळा करायचं काम करतो. तांबं एकीकडे, पितळ एकीकडे, ॲल्युमिनियम एकीकडे. आमच्या भागात टीबीचा संशय यायला एवढं पुरेसं आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषध फुकट, मी स्वतः सोबत यायला तयार. तरी मावशी नाही म्हणत होती.

"का पण?"

"त्याला आधीच लई किरणं लागलीत, ताई. आता अजून मशीनची कशाला?"

ही गोष्ट जून २०२५ ची. मे महिन्यात भारत-पाकिस्तान लढाई झाली. लढाई चार दिवसांत थांबली, पण मोबाईलवर ती महिनाभर चालू होती. पाकिस्तानातल्या सरगोधाजवळ किराणा हिल्स नावाचे डोंगर आहेत. तिथल्या अणुसाठ्यावर भारताने बॉम्ब टाकला, किरणोत्सार बाहेर पडला, लोक उलट्या करताहेत, इजिप्तहून बोरॉन भरलेलं विमान आलं, अशी सगळी कहाणी. आमच्या गल्लीत त्या कहाणीला शेपूट फुटलं. लढाईतलं तुटकं लोखंड भंगारात विकलं गेलं, ते कल्याण-अंबरनाथपर्यंत आलं आणि ज्यांनी ते हाताळलं त्यांना किरणं लागली! पोरगा खोकतोय, वाळतोय, आणि तो भंगारात काम करतो. गल्लीने दोन आणि दोन जोडून बावीस केले. शेजारणीने आपल्या मुलांना त्याच्याजवळ बसायला मनाई केली. पाण्याचा तांब्या वेगळा झाला.

तांब्या वेगळा झाला, हे वाक्य मी जरा सावकाश लिहिते आहे. ज्या गल्लीत हे झालं तिथे प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आहे.

आधी त्या कहाणीचं बघू. १२ मे २०२५ ला पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांनी किराणा हिल्सवर हल्ला केलेला नाही असं स्पष्ट सांगितलं. सरकारचा माणूस तसंच सांगणार, असं कोणी म्हणेल, आणि म्हणायला हरकत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार पाहायचा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही त्याच आठवड्यात सांगितलं की पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही. या संस्थेला भारताची बाजू घ्यायचं कारण नाही. राहिलं ते पाकिस्तान सरकारचं म्हणून फिरणारं 'गोपनीय' पत्र. त्यात गोपनीय या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंगच चुकलेलं होतं. आमच्याकडे जातपडताळणीचा बनावट दाखला करणारा एजंटसुद्धा यापेक्षा नीट काम करतो.

पण मावशीला मी हे सांगून काय उपयोग होता? किराणा हिल्स उल्हासनगरपासून सरळ रेषेत चौदाशे किलोमीटर लांब आहेत, हेही तिला सांगून झालं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मोबाईलमध्ये खोटं कशाला सांगतील?"

यावर मला हसायचा अधिकार नाही. कारण मीही हा मेसेज पाठवलेला आहे.

मार्च २०११. मी कॉलेजात होते. ११ मार्चला जपानला भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाइची केंद्रातल्या तीन अणुभट्ट्या वितळल्या. तीन-चार दिवसांत एक एसएमएस आला. बीबीसीच्या नावाने. आशियातल्या सर्व देशांनी सावध राहावं, पाऊस आला तर चोवीस तास घराबाहेर पडू नये, दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात, गळ्याला बेटाडीन लावावं, कारण किरणं आधी थायरॉइडवर जातात. मी तो वीस-पंचवीस जणांना पाठवला. शिकलेली मुलगी म्हणून मला गल्लीत मान होता, मी पाठवलं म्हणजे खरं असणार! आईने मेडिकलमधून बेटाडीनची बाटली आणली आणि आम्हा तिन्ही भावंडांच्या गळ्याला तपकिरी पट्टे ओढले. त्या उकाड्यात खिडकी लावून घेतली. आमचं घर पत्र्याचं, वरून आभाळ दिसायचं अशा फटी. खिडकी लावून किरणं अडवतोय, आणि फटीतून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडलाय, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

बीबीसीने तो मेसेज आपला नाही असं जाहीर केलं होतं. ते माझ्यापर्यंत आलं नाही. फिलिपिन्समध्ये याच मेसेजपायी मनिलातल्या एका विद्यापीठाने वर्ग सोडून दिले होते. चीनमध्ये लोकांनी दुकानं रिकामी करून मीठ घरी नेलं, कारण मिठात आयोडीन असतं.

आता जरा हिशेब करू, कारण हिशेब हेच आपलं हत्यार आहे. अणुभट्टीच्या अपघातात आयोडीन-१३१ बाहेर पडतं. ते श्वासातून, दुधातून शरीरात गेलं की थायरॉइड ग्रंथी ते शोषते. आधीच साधं आयोडीन भरपूर दिलं तर ग्रंथी भरलेली राहते आणि विषारी आयोडीनला जागा मिळत नाही. हे शास्त्र खरं आहे, अफवा नेहमी अशा खऱ्या दाण्याभोवतीच कणीस धरते. पण त्यासाठी मोठ्या माणसाला पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची गोळी लागते, म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन. आपल्या घरातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे एका गोळीइतकं आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी माणूस मिठानेच मरेल. गळ्याला बेटाडीन चोपडून तेवढं आयोडीन आत जात नाही, आणि बेटाडीन प्यायलं तर पोट जळेल. ती गोळीसुद्धा फक्त आयोडीन-१३१ पासून वाचवते, बाकी कशापासून नाही. आणि आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. जपान आपल्यापासून साडेसहा हजार किलोमीटरहून लांब. तिथून जे बाहेर पडलं त्यातलं बहुतेक पॅसिफिक महासागरावर गेलं. त्यातून उल्हासनगरच्या पत्र्यावर काय पोचणार होतं?

हा हिशेब मी २०११ मध्ये करू शकले असते. बारावी सायन्स होते. केला नाही. दर रविवारी विहारात कालाम सुत्त ऐकलेलं होतं. कोणी सांगितलं म्हणून, परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, असं तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना सांगितलं ते पाठ होतं. पण हे सुत्त आपण बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या पोथ्यांवर चालवतो. आपल्याच माणसाने पाठवलेल्या मेसेजवर ते चालवायचं आपल्याला सुचत नाही.

आता दुसरी बाजू. अफवा खोटी म्हणजे अणुऊर्जा गंगाजळासारखी पवित्र, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांचीही चिकित्सा केली पाहिजे. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात गावातले लोक हलवायला सोव्हिएत सरकारने सुमारे छत्तीस तास लावले. स्वीडनमधल्या एका केंद्रात मापकं वाजली तेव्हा जगाला कळलं. मधल्या काळात खेड्यांमध्ये मुलं नेहमीसारखं दूध पीत राहिली. गवतावर आयोडीन-१३१ पडलेलं, गवत गाईने खाल्लेलं. पुढच्या वीस वर्षांत त्या भागात, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये, थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून जास्त रुग्ण सापडले. त्यातला मोठा वाटा त्या दुधाचा. "दूध पाजू नका" हा एक खरा मेसेज वेळेवर गेला असता तर यातली कितीतरी मुलं वाचली असती. तो गेला नाही, कारण सरकारला लोकांपेक्षा स्वतःची अब्रू मोठी वाटली.

फुकुशिमाचं उलटं झालं. तिथे दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या समितीला तिथल्या रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सारामुळे झालेले आजार आढळले नाहीत. पण स्थलांतराच्या हालांनी, औषधपाणी तुटल्याने आणि खचून जाऊन फुकुशिमा प्रांतात तेवीसशेहून जास्त माणसं गेली. त्यात दवाखान्यांतून, वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेले म्हातारे खूप. किरणोत्साराला भ्यायचं की नाही, हा प्रश्न म्हणूनच मला अर्धवट वाटतो. किती, कुठे, कशातून, आणि मोजलं कोणी, एवढं विचारल्याशिवाय भीतीला आकार येत नाही.

असा प्रश्न आपल्या मुंबईत एकदा नीट विचारला गेला होता. एमएला असताना एका निबंधासाठी वाचलं, तेव्हा मला कळलं. चेर्नोबिलनंतर युरोपातून मदत म्हणून आलेलं आयर्लंडचं लोणी मुंबईत उतरलं. ते आपल्या दुग्धयोजनेत दुधात मिसळून शहरातल्या लोकांना जाणार होतं. काही मुंबईकर उच्च न्यायालयात गेले. या लोण्यात किरणोत्सारी अंश आहे, आमच्या लेकरांच्या दुधात ते नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९८८ मध्ये न्यायालयाने एम. जी. के. मेनन आणि पी. के. अय्यंगार यांच्यासारख्या शास्त्रज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलं की अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेच्या आतलं हे लोणी खायला निर्धोक आहे. अय्यंगार हे भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रमुख, म्हणजे निवाडा देणाऱ्यांत अणुखात्याचाच माणूस. हे मला आजही खटकतं. तरी त्या लोकांचा प्रश्न मला आवडतो. दूध हा चेर्नोबिलचा खरा रस्ता होता, त्यांनी बरोबर त्या रस्त्यावर बोट ठेवलं, मोजणी मागितली आणि उत्तर आकड्यात आलं. गळ्याला बेटाडीन लावून ते घरी बसले नाहीत.

आता माझ्या घरची दुसरी तारीख सांगते. २९ नोव्हेंबर २०१४.

आमचं घर तेव्हा कॅम्प चारच्या बाजूला, वालधुनीच्या काठाला. वालधुनीला लोक नाला म्हणतात. ती नदी आहे. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, साडेनऊशे वर्षं जुन्या शिवमंदिराला खेटून वाहते, मग एमआयडीसी आणि आमच्या वस्त्या पोटात घेत कल्याणच्या खाडीकडे जाते. तिचं पाणी कधी लाल, कधी निळं. जीन्स धुण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा गल्लीतली पोरं पैज लावायची, उद्या कुठला रंग. त्या पहाटे आम्ही घसा धरून उठलो. डोळ्यांतून पाणी, छातीवर कोणी बसल्यासारखं. वडील उलटी करत दाराबाहेर पडले आणि ओट्यावरच बसले. बाहेर अख्खी वस्ती खोकत होती. वडोलगाव परिसरातल्या शेकडो लोकांना त्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. टँकरमधून आणलेलं रसायन रात्री गुपचूप नदीत सोडलं गेलं होतं.

वडिलांना रिक्षात घालून मी एका दवाखान्यात नेलं. तिथे "कोणतं रसायन?" असं डॉक्टरांनी मला विचारलं. मला! व्हरांड्यात झोपवलेल्या प्रत्येकाला ते हेच विचारत होते, कारण त्यांनाही दुसरं कोणी सांगणारं नव्हतं. वडील वाचले. खोकला आजही आहे. थंडीत त्यांच्या छातीतून येणारा आवाज ऐकून मला ती पहाट आठवते.

त्या रात्री कोणताही मेसेज आला नव्हता. खिडकी बंद करा, गळ्याला फडकं बांधा, वाऱ्याच्या आडव्या दिशेला चाला, असं कोणी पाठवलं नव्हतं. साडेसहा हजार किलोमीटरवरच्या ढगासाठी आम्ही उकाड्यात खिडकी लावली होती. आणि शंभर पावलांवरून आलेला वायू फटीतून आत आला तेव्हा आम्ही झोपलेलो होतो.

त्यानंतरही आपल्या पट्ट्यात हे थांबलेलं नाही. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या एमआयडीसीत वायुगळती झाली, दूरपर्यंतच्या लोकांना श्वास घेणं जड गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला रात्री रस्त्यांवर धुक्यासारखा थर उतरला, डोळे चुरचुरले, घसे धरले. एमएला आम्हाला उलरिश बेक शिकवला होता. चेर्नोबिलच्याच वर्षी, १९८६ मध्ये त्याचं 'रिस्क सोसायटी' आलं. त्याचा मुद्दा असा की गरिबी वर्गावर्गांत वेगळी वाटली जाते, पण नवे धोके गरीब-श्रीमंत बघत नाहीत. परीक्षेत मी त्यावर पंधरा गुणांचं उत्तर लिहिलं. बेकला वालधुनीच्या काठावर एक रात्र झोपवायला हवं होतं! तिथे कोण राहतं ते बघा. वाऱ्याला जात नसेल, पण नदीकाठची जागा कोणाच्या वाट्याला येते त्याला आहे.

इथे चळवळीतल्या आपल्या मित्रांशी थोडं भांडायचं आहे.

२०१३ च्या आसपास एका मित्राने जैतापूर प्रकल्पाविरोधातल्या सभेसाठी पोस्टर केलं. पोस्टरवर पॅसिफिकचा नकाशा होता, जपानपासून लाल-पिवळ्या ज्वाळा अमेरिकेपर्यंत पसरलेल्या. खाली लिहिलेलं, फुकुशिमाचा किरणोत्सार. सभेत एक निवृत्त शिक्षक पुढे आले, चष्मा वर केला आणि नकाशाच्या कडेची मोजपट्टी वाचली. "बाळा, इथे सेंटिमीटर लिहिलंय. किरणोत्सार कधीपासून सेंटिमीटरमध्ये मोजायला लागले?" तो अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचा त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा नकाशा होता. सभा तिथेच बसली. पुढे त्या मित्राने जोडलेल्या डेझी फुलांचा फोटोही फिरवला, फुकुशिमाची विकृत फुलं म्हणून. देठ चपटं होऊन फुलं जुळणं हे जगभर, कुठल्याही बागेत होतं. आपल्याकडचं कोंबड्याचं फूल, तो लाल मखमली तुरा, असाच चपटा झालेला देठ-तुरा आहे. आजी ते अंगणात हौसेने लावायची.

मित्र म्हणाला, "आपला हेतू चांगला आहे ना? लोक जागे होतात ना?"

नाही होत. जैतापूरच्या लोकांचे प्रश्न जमिनीचे होते, मासेमारीचे होते, समुद्रात सोडायच्या गरम पाण्याचे होते, भूकंपाचे होते. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटेला पोलीस गोळीबारात एक माणूस गेला. इतके खरे प्रश्न असताना एक खोटा नकाशा हातात धरला की समोरच्याला सोपं होतं. "हे लोक अफवा पसरवतात" म्हणायचं आणि जमिनीच्या प्रश्नावरही उत्तर द्यायचं नाही. तारापूर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, फुकुशिमाच्या फुटलेल्या भट्ट्यांसारख्याच, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. त्यांच्याबद्दल विचारायला शंभर प्रश्न आहेत. खोट्या डेझीची गरज काय?

आणि हे प्रश्न विचारायला आपण कोणाकडून उसना वारसा आणायला नको. मेघनाद साहा पूर्व बंगालमधल्या गरीब दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला होता. तेच पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले, कलकत्त्यात अणुभौतिकीची संस्था उभी केली, १९५२ मध्ये लोकसभेत अपक्ष निवडून आले. आणि अणुऊर्जेचा कारभार १९४८ च्या कायद्याने गुप्ततेच्या पडद्याआड ठेवण्यावर त्यांनी उघड टीका केली. विज्ञानाच्या बाजूने उभं राहून गुप्ततेच्या विरोधात बोलणं, हे त्यांना जमलं. पडदा होता तिथे अफवा वाढल्या यात नवल नाही. भाभा केंद्राचं देशभर किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांचं जाळं आहे. त्याचा आजचा आकडा, आणि त्याच्या शेजारी एमआयडीसीच्या हवेतल्या रसायनांचा आजचा आकडा, नगरपालिकेच्या दारात फळ्यावर मराठीत लिहा, ही मागणी आपण का करत नाही? मे महिन्यात तसा फळा असता तर मावशीला मी तिथे नेलं असतं.

तांब्याकडे परत येते. किरणोत्साराच्या भीतीने विटाळ तयार होतो, हे फक्त आमच्या गल्लीत घडलं असं नाही. हिरोशिमातून वाचलेल्यांना पुढे लग्नासाठी नकार मिळत. फुकुशिमातून आलेल्या एका मुलाला योकोहामाच्या शाळेत इतर मुलं जंतू म्हणून चिडवत, २०१६ मध्ये ते प्रकरण जपानभर गाजलं. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं कर्करोगाच्या उपचाराचं यंत्र दोघांनी उचलून नेलं आणि भंगारात विकलं. आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. चार माणसं मेली, त्यात सहा वर्षांची मुलगी. तिला पुरायला नेलं तेव्हा लोकांनी दगड मारले.

किरणं लागलेला माणूस दुसऱ्याला किरणं देत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस जसा चमकत नाही, तसंच. अंगावर किरणोत्सारी धूळ असेल तर ती धोक्याची, पण ती कपडे काढून, साबणाने धुऊन जाते. पोटात गेली असेल तरच गोष्ट वेगळी, आणि तेव्हा त्या माणसाला दवाखाना लागतो, दगड नाही. हे मी त्या गल्लीत, ओट्यावर बसून, तीन संध्याकाळी सांगितलं. हेही सांगितलं की पोराला टीबी असेल तर तो मात्र हवेतून पसरतो, तोंडाला रुमाल लावा, खिडक्या उघड्या ठेवा, पण तांब्या वेगळा करून काही होत नाही आणि औषध सुरू झालं की काही आठवड्यांत तो धोकाही बहुतेक उतरतो. आणि हेही, की छातीच्या एका एक्स-रेमध्ये जेवढा किरणोत्सार मिळतो तेवढा जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला नुसतं जगताना काही दिवसांत मिळतोच. शेजारणीने विचारलं, "म्हंजे आत्ता बसल्या बसल्या पण लागतायत?" म्हटलं, हो. ती जरा घाबरली. मग हसली.

मावशी चौथ्या दिवशी तयार झाली. शास्त्रामुळे नाही. रात्री पोराच्या थुंकीत रक्त दिसलं म्हणून.

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर आम्ही बाकावर बसलो होतो. दारावर ते चिन्ह होतं, मधे टिपका आणि भोवती पंख्याची तीन पाती. पोराने विचारलं, "ताई, हे काय?" मी त्याला मायापुरीची गोष्ट सांगितली. दिल्लीचा भंगार बाजार, २०१०. दिल्ली विद्यापीठाने प्रयोगशाळेतलं पंचवीस वर्षं पडून असलेलं यंत्र लिलावात विकलं. आत कोबाल्ट-६० होतं. विद्यापीठात एवढे शिकलेले लोक, पण ते काय आहे हे भंगारवाल्याला कोणी सांगितलं नाही. कामगारांनी ते हाताने फोडलं. अंगावर भाजल्यासारखे डाग आले, केस गळले, काही जण अत्यवस्थ झाले, एक कामगार एप्रिलच्या शेवटी गेला. त्याला ना पाकिस्तानचा बॉम्ब लागला होता ना जपानचा ढग. त्याच्या हाताखाली आलेला माल होता तो, तुझ्या हाताखाली येतो तसा.

"म्हणून हे चित्र लक्षात ठेव," मी म्हटलं. "कधी भंगारात असं चित्र असलेला डबा दिसला, किंवा आकाराच्या मानाने फार जड, शिशाचं काही दिसलं, तर फोडायचं नाही. लांब व्हायचं, सगळ्यांना लांब करायचं आणि पोलिसांना फोन करायचा. मलाही कर."

तो दाराकडे बघत राहिला. आतून त्याचं नाव पुकारलं. उठता उठता त्याने विचारलं, "आणि ताई, रंग उडालेला असला तर?"